उमलाझीच्या हॉलमधला 'डो'

डरबनला नवऱ्याच्या कामामुळे आठ दिवस राहणं झालं, बीच बघितला, बनी चाऊ पण खाल्लं, पण मनात घर करून राहिलीये ती शहराजवळच्या उमलाझी या वस्तीतल्या एका चर्चच्या हॉलमधली कॉयरची प्रॅक्टिस. ओळखीच्या एका बाईंनी नेलं, त्या अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात गातात.

कंडक्टर साठीचे असतील, सगळे त्यांना बाबा म्हणत होते (तिथल्या झुलू भाषेतही वडीलधाऱ्याला बाबाच म्हणतात, मला इतकं बरं वाटलं ऐकून). पियानो नाही, काही नाही. त्यांनी खिशातून ट्यूनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि गुणगुणत सोप्रानो, अल्टो, टेनर, बास अशा उंचापासून खालपर्यंतच्या चारही आवाजांना आपापला सूर दिला. हातातल्या झेरॉक्सवर पाच रेघांचं नोटेशन नव्हतंच, नुसती इंग्रजी अक्षरं, मधे टिंबं आणि कोलन, मला तर आमच्या गाण्याच्या क्लासची वहीच आठवली! हे टॉनिक सोल्फा. १९व्या शतकात जॉन कर्वेन यांनी ते इंग्लंडमध्ये रुजवलं, मग मिशनऱ्यांबरोबर ते दक्षिण आफ्रिकेत आलं. यात डो, म्हणजे पहिला सूर, पक्का नसतो, ज्या पट्टीत गायचं तिथे तो सरकतो, म्हणजे आपला सा च की! एनोक सोंटोंगा यांचं १८९७ चं 'न्कोसी सिकेलेल इआफ्रिका', ज्याचा भाग आज तिथल्या राष्ट्रगीतात आहे, तेही सोल्फातच लिहिलेलं.

आधी हँडेल या युरोपियन संगीतकाराचा एक कोरस झाला, तेव्हा बाबा ताठ उभे, हात अगदी मोजून मापून. मग झुलू गाणं सुरू झालं आणि माणूसच बदलला, ताल पायात गेला, गुडघे वाकले, अख्खी बासची रांग त्यांच्याबरोबर डुलायला लागली. मधेच थांबवलं. झुलूत शब्दाचा चढउतार बदलला की अर्थही बदलू शकतो, म्हणून ती ओळ आधी नुसती बोलून घेतली, दोनदा, तीनदा, मग गायला लावली. परक्यांनी दिलेली पद्धत म्हणून कोणी नाकं मुरडतात, पण मला नाही पटत, इतक्या निगुतीने तिला आपल्या भाषेत बसवलंय या लोकांनी.

शेवटी बाबांनी विचारलं, तुमच्याकडे कसं? मी सा रे ग म म्हटलं, टेनरवाल्यांनी लगेच डो रे मी फा जोडलं, आणि बासवाले खाली नुसता सा धरून उभे राहिले, तानपुऱ्यासारखे.