साताऱ्याहून न्यू जर्सी: आईच्या इन्सुलिनसाठी मांडलेला तासांचा हिशेब

"तारीख-वार राहू द्या, एकूण तास किती ते सांगा," डॉक्टर म्हणाले. आईला रोज ठरल्या वेळी इन्सुलिन लागतं, आणि मे महिन्यात मी तिला ताईकडे न्यू जर्सीला घेऊन निघाले होते. तिकिटावर लिहिलं होतं: मुंबईहून रात्री 2 ला निघणार, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 8 ला पोचणार. आई म्हणाली, "सहाच तास की गं!"

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथले सकाळचे 8 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. थेट विमान असूनही साडेपंधरा तास.

आईला हे पटेना. मग मी मुलीचा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घेऊन बसले. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळला, तो भरला 80 सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर साधारण 40,000 किलोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला 500. मुंबईवर आईनं बोट दाबून धरलं आणि मी न्यूयॉर्ककडे दोरा ताणला. नकाशात बघून वाटतं की अरबस्तान, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला जायचं. दोरा मात्र वर सरकला: कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून आइसलँड, ग्रीनलँडच्या टोकाखालून कॅनडा. भरला 25 सेंटीमीटर, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर! ताशी 900 धरले तरी चौदा तास. त्यात समोरून येणारा पश्चिमेचा वारा, आणि बंद हवाई हद्दी टाळायला घेतलेले वळसे. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीला वेळ कमी लागतो.

पण डॉक्टरांना हवा होता घर ते घर हिशेब. साताऱ्याहून मुंबई विमानतळ सहा तास, तिथे तीन तास आधी हजर, मग विमान, पुढे इमिग्रेशन, सामान आणि ताईच्या घरापर्यंतची गाडी. सगळं मिळून अठ्ठावीस तास झाले. त्यांनी डोस आणि खाण्याच्या वेळा भारतीय वेळेनुसारच लिहून दिल्या आणि बजावलं: इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात ते गोठू शकतं. प्रिस्क्रिप्शनही सोबत घेतलं. तुमच्याही घरात कुणी इन्सुलिनवर असेल तर तिकीट काढल्या दिवशीच डॉक्टरांकडे जा. आम्ही चार दिवस आधी गेलो, फार धावपळ झाली.

परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या मध्याचं होतं. तोवर तिथली घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेदहाचा होतो. तो कागद वेगळा करून घेतला.

आईच्या मनगटावर आमच्याच वेळेचं घड्याळ राहू दिलं. विमानात सगळे झोपलेले असताना ती त्यात बघून मला हलवायची, "झाली बघ वेळ." एकही डोस चुकला नाही. न्यूयॉर्कच्या विमानतळाबाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. ताईला मिठी मारून झाल्यावर आईनं मनगट वर केलं. सव्वासात. "शेजारच्या वहिनींनी आपल्या देवापाशी दिवा लावला असेल ना गं?" तिनं विचारलं.