कच्छला जाताना वाटेत साल्हेर, एकट्याने

पुण्याहून गाडी घेऊन एकटाच कच्छला निघालो होतो, लांबचा प्रवास, आणि आधीच ठरवलं होतं की मुंबईवरून हायवे धरायचा नाही, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातून जायचं. कारण साल्हेर! १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, कळसूबाईनंतरचं दुसरं उंच शिखर. कळसूबाईला वीकेंडला शिड्यांवर गर्दी असते, इथे डिसेंबरात आडवारी गेलो तर अख्ख्या वाटेवर माणूस नाही.

सटाण्यात मुक्काम, पहाटे ताहराबाद-मुल्हेर करत वाघांबे गाव. गाडी एका घरासमोर लावली, तिथल्या काकांना सांगितलं एकटाच चाललोय, दुपारपर्यंत उतरतो, नंबर देऊन ठेवला. काकांनी आधी पाणी किती घेतलंय ते विचारलं, मग खिंडीकडे जाणारी वाट हाताने दाखवली. एकटं जायचं असेल तर गावात कुणाला तरी सांगून जाच, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका.

साल्हेरवाडीतूनही वाट आहे, पण मला साल्हेर आणि शेजारचा किल्ला सालोटा यांच्यामधल्या खिंडीतूनच चढायचं होतं. खिंडीपर्यंत वाळलेलं गवत नि घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी माती-दगड, दम निघतो. तिथे पोचलो की एका हाताला सालोटा, दुसऱ्या हाताला साल्हेरचा कडा आणि खाली सगळा मुलूख. १६७२ ची लढाई याच मुलखात झाली, मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांच्या फौजांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं, गनिमी काव्याने नाही, समोरासमोर. मराठा सरदार सूर्यराव काकडे इथेच लढताना पडले. मी खिंडीत खूप वेळ बसून राहिलो, घोडदळ कुठून आलं असेल, उंट-हत्ती कुठे असतील ते बघत. ग्रुपबरोबर असतो तर एवढं बसू दिलं नसतं कुणी.

पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग आडवी वाट, एका बाजूला ओळीने गुहा आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी. हा टप्पा सावकाश करायचा, फोटो काढायचा तर आधी थांबायचं. मग माथ्याचं पठार, गंगासागर तलाव, रेणुकामातेचं देऊळ, आणि शेवटचा चढ थेट परशुरामाच्या छोट्या देवळापर्यंत. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला नि कोकण तयार केलं अशी गोष्ट सांगतात. वर वारा इतका की टोपी हातात धरावी लागली, पण मांगी-तुंगीचे सुळके, मुल्हेर, मोरा, हरगड सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि सालोटा, जो खालून केवढा वाटला होता, तो आता चक्क खाली!

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात साल्हेर आहे. मनापासून आनंद झाला, आता लोक येतील आणि यायलाच हवेत, फक्त गावातल्या पोरांना वाटाड्या म्हणून घ्या, गावातच जेवा, आणि प्लास्टिक परत न्या. तलावाकाठी पडलेल्या बाटल्या बघवत नाहीत, जेवढ्या सॅकमध्ये मावल्या तेवढ्या उतरवल्या.

उतरताना घसाऱ्यामुळे गुडघ्यांवर ताण येतो, काठी असलेली बरी. खाली आल्यावर आधी काकांना तोंड दाखवलं, त्यांच्याकडे चहा झाला आणि मग ताहराबादवरून पिंपळनेर, नवापूर करत सुरतेच्या रस्त्याला लागलो.