भुसावळ ते नवापूर: आजी-आजोबांच्या कबरींवर जाऊन आलो, जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

आजोबा रेल्वेत होते म्हणून त्यांची माती भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत झाली, आजी मात्र शेवटी गावी राहिली म्हणून ती नवापूरकडच्या खेड्यात. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या मामांना सोबत घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो, कारण आजोबांची कबर नेमकी कुठली हे आता त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस सरळ भुसावळला नेते, पण दिवाळीत जायचं तर तिकिटाचं आधी बघा, आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. कॅथलिक मंडळींचा २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, कबरी धुतात, फुलं-मेणबत्त्या लावतात, फादर येऊन प्रार्थना करतात. आमच्याकडे प्रॉटेस्टंटांत तसं नाही, आम्ही ईस्टरच्या पहाटे जातो. चार माणसं भेटावीत असं वाटत असेल तर त्या त्या दिवशी जा, पण साफसफाई करायची असेल तर आधी जाऊन या, गर्दीत खुरपं चालवता येत नाही.

आणि खुरपं लागतंच. पावसाळ्यानंतर गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं असतं, विळा, हातमोजे, जाड बूट घरूनच न्या, चप्पल घालून आत शिरू नका, साप असतात. आम्ही भुसावळच्या दफनभूमीच्या गेटवर उभे होतो तर एक म्हातारे म्हणाले, "मांगच्या बाजूनं जा भो, इथून वाट नाही." मामा लिंबाच्या झाडापाशी जाऊन थांबले, तिथून रांगा मोजत मोजत गेले आणि एका काळ्या पडलेल्या फरशीपुढे बसलेच. अक्षरं काहीच दिसत नव्हती. त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं, हाताने चोळलं, मी मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा धरला तेव्हा "ख्रिस्तवासी" आणि खाली आजोबांचं नाव हळूहळू वर आलं, पाणी वाळलं की परत गायब. ही आडव्या उजेडाची युक्ती लक्षात ठेवा, समोरून फ्लॅश मारून काही दिसत नाही.

एक कळकळीची विनंती, संगमरवरावर ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड टाकू नका, दगड खाऊन टाकतं ते, तारेचा ब्रशही नको. साधं पाणी, मऊ ब्रश, बस. काम झाल्यावर मॅपवर पिन टाका आणि लिंबाचं झाड येईल असा एक फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. दगडच नसेल तर चर्चच्या दफन नोंदवहीत बघावं लागतं, त्यासाठी रविवारी उपासना संपल्यावर जा, तेव्हा पाळक आणि जुनी माणसं सगळी एका जागी सापडतात, फक्त सालाचा अंदाज घेऊन जा.

भुसावळहून नवापूर सुरत लाईनवरच आहे, पण सगळ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत, बघून बसा. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, फोटोवाले असतातच. पुढे गावाला जायला जीप. आजीच्या कबरीला फरशी नाही, गोल दगड लावलेत आणि लाकडी क्रूस, तोही वाळवीने खालून पोकळ झालेला. मी म्हटलं पक्की बांधू या, तर मामी म्हणाल्या, "शेजारच्या सगळ्या अशाच आहेत, हिचीच कशाला वेगळी?" मला पटलं. क्रूस तेवढा बदलायचा ठरला, सागाचा, खालच्या टोकाला डांबर लावून, ईस्टरच्या आधी मामेभाऊ बसवणार आहे. गावात जाताना आधी घरी जाऊन बसा, चहा घ्या, मगच कबरीवर, परस्पर जाऊन आलात तर रुसतात लोक.

परतीला नवापूरहून धुळ्याची एसटी मिळते, धुळ्यातून पुढे नाशिक-पुणे. निघताना नवापूरची तूरडाळ घ्या, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, पण बाजारात दोन-तीन दुकानं फिरून मगच घ्या.