आमची वाटचाल : इंजिन गेलं, तांबं राहिलं

साताऱ्यातलं आमचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्याने भरण्याचं, दुकान वडिलांपासूनचं. विहिरीवरच्या मोटारी, गिरणीच्या मोटारी हे रोजचं काम. पवनचक्कीकडे वळलो ते भारनियमनाच्या काळात. मंडपवाल्यांचे जुने जनरेटर तेव्हा ढिगाने यायचे. इंजिनाचा पिस्टन-लायनर गेलेला, वीज बनवणारा अल्टरनेटर मात्र ठणठणीत. वर चाळकेवाडीच्या पठारावर कंपन्यांच्या चक्क्या फिरत होत्या आणि खालच्या वाड्यांत अंधार होता.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे अशाच एका वाडीतले निवृत्त गुरुजी. "तुमच्या हाताचं बनवून द्या, पैसे आधी घ्या," म्हणाले. त्या ॲडव्हान्सवर मी चुंबक आणले.

काम असं असतं. चार पोलचा (चुंबकाची चार टोकं असलेला) अल्टरनेटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी १५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, मागतो. तीन मीटर व्यासाची पाती साध्या वाऱ्यावर दोनशे-अडीचशेच्या घरात फिरतात. गिअर घातला तर जोर तिथेच मरतो. म्हणून स्टेटर, म्हणजे तार भरलेला बाहेरचा स्थिर भाग, ठेवायचा आणि रोटर, म्हणजे आत फिरणारा भाग, बदलायचा. पोल वाढवले की कमी फेऱ्यांतही काम भागतं. ३६ स्लॉटच्या (तार भरायच्या खाचांच्या) स्टेटरमध्ये बारा पोलचं थ्री-फेज वाइंडिंग भरायचं, वळसे जास्त, तार बारीक. आधी वार्निश, भट्टी आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी. मग लेथवर कातलेल्या लोखंडी रोटरवर निओडायमियमचे चुंबक, एका स्लॉटएवढे तिरपे. सरळ बसवले तर रोटर खाचांमधल्या दातांना अडतो आणि मंद वाऱ्यात चक्की जागची हलत नाही. वरून फायबरची पट्टी आणि एपॉक्सी. लेथवर तो रोटर माझ्याशिवाय कोणी कातत नाही.

चार वर्षं बरी गेली. मग शहरातून एक विक्रेता आला, गुळगुळीत कॅटलॉग घेऊन. आयात केलेली चक्की, वर '१ किलोवॅट' छापलेलं. हा आकडा सेकंदाला बारा मीटर वाऱ्याचा, हे तो सांगायचा नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद एक अष्टमांश उरते. गिऱ्हाइकाच्या दारात वारा सहाचा, म्हणजे हाती सव्वाशे वॅटसुद्धा मुश्किलीने. पण आमच्या मालाला तो गावोगाव 'भंगार' म्हणत फिरला. अनुदान सरकारी यादीतल्याच मॉडेलला मिळायचं आणि यादीत आमचं नाव कुठून असणार? ठरलेली कामं माझ्यासमोर फिरली. ज्यांच्या मोटारी आम्ही उधारीवर भरून दिल्या, त्यांनीही तोंड फिरवलं. हे मी विसरलेलो नाही.

त्यातच २०११ साली चीनने निर्यात दाबून धरल्यामुळे निओडायमियमचे भाव कैक पटींनी चढले. घेतलेल्या ऑर्डरी जुन्या भावात पुऱ्या केल्या, शब्द दिला होता म्हणून. दोन कारागीर सोडून गेले. लेथ विकायला काढला, गिऱ्हाईक येऊन माप घेऊन गेलं. गुरुजींना कळलं तेव्हा ते एसटीने आले आणि भाच्याच्या पोल्ट्रीसाठी चक्की सांगून पूर्ण रक्कम टेबलावर ठेवून गेले. लेथ राहिला.

आता सोलर स्वस्त झालंय आणि लोक विचारतात, चक्की कशाला? अहो, आपल्याकडे ढग येतात तेव्हाच वारा येतो. आषाढात पॅनेल मान टाकतं आणि चक्की बॅटरी भरते. दोन्ही लावा.

आणि चक्की स्लॅबवर उभी करू नका, घर हादरतं आणि वाराही घुसळलेला मिळतो. शंभर मीटरच्या आतल्या झाडा-घरांपेक्षा पाती नऊ-दहा मीटर वर हवीत. चालत्या चक्कीची बॅटरी कधीही सोडू नका. लोड सुटला की पाती बेफाम होतात. डम्प लोडचा, म्हणजे जादा वीज जिरवणारा, हीटर आणि तिन्ही फेज शॉर्ट करणारा ब्रेक स्विच आम्ही प्रत्येक चक्कीला देतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही. अर्थिंग पावसाआधी तपासा.

त्या विक्रेत्याचा फोन आता लागत नाही. त्याने विकलेल्या चक्क्या जळून आमच्याकडेच भरायला येतात. आम्ही त्या भरून देतो, गॅरंटीसकट, पण रोखीने.