पाना कुठे खाली ठेवायचा

१९६९ची फोक्सवॅगन बीटल दारात आली तेव्हाच ठरवलं होतं, हिचं सगळं काम घरी करायचं. एअर-कूल्ड इंजिन, रेडिएटर नाही, पाण्याची भानगड नाही. हुरूप भरपूर, पाने मोजके.

पहिलं काम जमलं. गाडी मिसिंग करत होती, म्हणजे इंजिन मधूनच अडखळत होतं. स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली तर आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, काळे पडलेले. नवे बसवले आणि फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यानं, ०.४ मिमी गॅप धरला. गेजची पाती ओढताना किंचित घासली पाहिजे, पण अडता कामा नये. बोटांना हे कळायला अर्धा तास गेला. सेल्फ मारला, इंजिन एका लयीत धरलं. झालं, मी मेकॅनिक!

मग ऑइल बदलायला घेतलं. या इंजिनला ऑइल फिल्टर नसतो, खाली नुसती जाळी आणि तिचं झाकण सहा छोट्या नटांवर. त्यांना आवळायला जेमतेम ७ न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) पुरतात. गळायला नको म्हणून मी चांगला दाबून आवळला, आणि एक स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, केसिंगमधल्या आट्यांसकट बाहेर आला. केसिंग, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, त्यात आटे टिकणार कसे? गाडी टोचन करून गॅरेजला न्यावी लागली. तिथल्या मेकॅनिकनं स्टड हातात घेऊन एवढंच विचारलं, "हा मनगटानं आवळला की खांद्यानं?"

मागच्या ब्रेकच्या वेळी प्रकार उलटा. ड्रम काढायचा तर आधी ३६ मिमीचा ॲक्सल नट सुटला पाहिजे. तो जवळपास ३०० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. पान्याला लांब पाइप लावून वर उभा राहिलो. नट ढिम्म, गाडी मात्र जॅकवर हलली. तिथेच उतरलो. माझा टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानं आवळायचा पाना, २०० पर्यंतचा. नट सुटला असता तरी पुन्हा नीट आवळणार कशानं? शिवाय पॉइंट चुकले तर गाडी सुरू होणार नाही, ब्रेक चुकले तर थांबणार नाही. ब्रेक गॅरेजला दिले. जॅक लावायच्या जागेचा पत्रा गंजला होता, तोही त्यांनाच. वेल्डिंग मी यूट्यूबवर बघून शिकणार होतो, तो नाद सोडला.

टॅपेट, म्हणजे वाल्वची फट जुळवायचं काम, मात्र गॅरेजला देत नाही. ०.१५ मिमीचा गॅप इंजिन पूर्ण गार असतानाच बघायचा असतो, आणि गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी गार कशी असणार? ती निवेपर्यंत वाट बघायला तिथे कुणाला सवड आहे? माझ्याकडे अख्खी रात्र असते. परवा पहाटे झाकणं उघडली तर तीन नंबरचा एक्झॉस्ट वाल्व घट्ट झालेला. असाच चालवला असता तर जळालाच असता. स्क्रू किंचित ढिला केला, गेज घातला, पाती अलगद घासत बाहेर आली.