बुरशीचा भाडेकरार

मी सोलापूरचा. आमच्याकडे बुरशी म्हणजे डब्यात विसरलेला पाव, नाहीतर तेल कमी पडलेलं लोणचं. फोंड्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिला आषाढ काढला आणि कळलं, इथे ती कमरेच्या पट्ट्यावर येते, लग्नातल्या कोटावर येते, पुस्तकांच्या पाठीवर तर हक्काने येते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. सोलापूरच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्साही येत नाही. पट्टा पुसता येतो. एसीचं काय करायचं?

एसी लावला की आधी ओल्या मोज्यांचा वास, मग गारवा. घरमालक काकांना बोलावलं. त्यांनी एसीखाली उभं राहून हुंगलं आणि म्हणाले, "हो वास न्हय मरे, हो पावस."

मेकॅनिक आला, जाळ्या धुतल्या, कॉइलवर फेस मारला, पैसे घेऊन गेला. आठ दिवसांत मोजे परत! मग मी स्टुलावर चढून पट्ट्यांच्या फटीतून टॉर्च मारला. आत लांबलचक पंख्याचं नळकांडं असतं, त्याला ब्लोअर म्हणतात. त्याच्या पात्यापात्यावर काळे तीळ पेरल्यासारखे ठिपके. वारा कॉइलवरून येतो खरा, पण खोलीत येतो तो या तिळांना हात लावून. रात्रभर हेच आपण नाकात घेतोय म्हटल्यावर झोप कसली लागते.

दुसऱ्या मेकॅनिकने ब्लोअर सोडवून बाहेर काढला, एसीला प्लॅस्टिकची झोळी बांधली आणि पंपाने पाणी मारलं. बादलीत उतरलं ते पाणी टपरीवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं. पाणी जायच्या नळीत बुळबुळीत गोळा अडकला होता, म्हणून खालचा ट्रे कायम भरलेला. "बंद करण्याआधी अर्धा तास नुसता फॅन चालवा," तो म्हणाला. गार कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन साचते. तसंच बंद केलं की आत ओल, अंधार आणि धूळ. बुरशीला आणखी काय लागतं? आता रोज पहाटे मी उठून एसी फॅनवर टाकतो. बायको म्हणते, एवढ्या पहाटे कधी अभ्यासाला उठला नसशील.

राहिला पैशांचा प्रश्न. अकरा महिन्यांच्या करारात लिहिलंय, 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी'. बुरशी किरकोळ की कसं? काकांचं म्हणणं, एसी दिला तेव्हा स्वच्छ होता. माझं म्हणणं, नळी तुमची. वाद चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत लांबला.

चवथीला काका नेवऱ्यांचा, म्हणजे आपल्या करंज्यांचा, डबा घेऊन आले. एसीखाली थांबले, पुन्हा हुंगलं, काहीच बोलले नाहीत. चप्पल घालताना दारातून हळूच विचारलं, "तो ब्लोअर काढणारा माणूस... त्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"