कारणाचा रकाना

अठरा वर्षांखालच्या मुलांचे गुन्हे बघणाऱ्या बाल न्याय मंडळासाठी सामाजिक तपासणी अहवाल लिहिणं हे माझं काम. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे हजर केलं की पंधरा दिवसांत तो द्यावा लागतो. त्यात गुन्ह्याच्या कारणाचा रकाना असतो: पालकांचं दुर्लक्ष, अतिलाड, मित्रांची संगत वगैरे. बहुतेक वेळा 'संगत' लिहून पुढं सरकता येतं. या पोराच्या बाबतीत मात्र तो रकाना काही केल्या भरेना. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

पोरगं सोळा वर्षांचं, दहावीनंतर शाळा सुटलेली. गंगावेशीजवळून दुधवाल्याची मोपेड नेली आणि पन्हाळा रोडला सोडून दिली. मी विचारलं तर म्हणाला, "चोरली न्हाई ओ मॅडम, फिरवाय नेली हुती. पेट्रोल संपलं तशी लावून ठेवली." आणि वर, "त्येचा विमा असतोय की. त्येला नवी गावतीया."

मी लिहिता लिहिता थांबले. साइक्स आणि मात्झा या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1957 मध्ये हेच मांडलं होतं. गुन्हा करणाऱ्या पोरांनाही बरं-वाईट कळतं, फक्त ती आधी स्वतःची समजूत घालून घेतात: कुणाचं नुकसान झालं नाही, समोरचा त्याच लायकीचा होता, माझा नाइलाज होता. गाडी चोरणारी पोरं 'थोडा वेळ नेली' म्हणतात, हे उदाहरणसुद्धा त्यांनी दिलंय. कोल्हापूरच्या पोरानं ते कुठं वाचलेलं असणार?

दुपारी घरी गेले. वडील ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. आई बोलायच्या आत शेजारचे आजोबा उंबऱ्यात येऊन म्हणाले, "रक्तातच असतंय मॅडम ते." हे मत काही त्यांच्या एकट्याचं नाही. इटलीत लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरनं 1876 मध्ये कवट्या आणि जबडे मोजून 'जन्मजात गुन्हेगार' ठरवले होते. त्याच्या पाच वर्षं आधी इंग्रज सरकारनं आपल्याकडं कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. जन्मावरून शिक्का आणि रोज सरकारदरबारी हजेरी. ती हजेरी पद्धत आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये मोडून काढली. फासेपारध्यांना तर त्यांनी राखणीचं काम दिलं. ज्याच्यावर चोरीचा शिक्का, त्यालाच राखण! त्यांच्याच गावात अजून रक्ताला दोष दिला जातो याचं मला वाईट वाटतं. आजोबांना मी एवढंच म्हटलं, "याचा थोरला भाऊ त्याच रक्ताचा आहे ना?"

थोरला शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डिंगला. सकाळी तालीम, मग शिफ्ट, यंदा लग्न ठरलेलं. ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकन अभ्यासकानं 1969 मध्ये प्रश्नच फिरवला होता: काही लोक गुन्हा का करतात हे सोडा, बाकीचे का करत नाहीत ते बघा. थोरल्याला कशानं बांधून ठेवलंय ते त्या घरात दहा मिनिटांत दिसलं. धाकट्याला रात्री अकरापर्यंत कुणी 'कुठं हाईस?' म्हणून विचारत नव्हतं.

संध्याकाळी दुधवाल्याला गाठलं. माणूस चिडलेला, आणि का नसावा? "कसला विमा? थर्ड पार्टी हाय नुसता." म्हणजे चोरीचा एक रुपया मिळणार नव्हता. गाडी मिळेपर्यंत त्यानं किटल्या रिक्षानं नेल्या, कमाई भाड्यात गेली. किल्ली गाडीलाच कशी राहिली विचारलं तर म्हणाला, "दोन्ही हातांत किटल्या. वर दूध घालून येस्तोवर कोण बघतंय?" कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांचा 1979 चा सिद्धांत हाच: इच्छा असलेला माणूस, सोपं सावज आणि राखायला कुणी नाही, हे तिन्ही एका जागी आलं की गुन्हा घडतो.

रकान्यात शेवटी मी 'संगत' लिहिलं नाही. घरात कुणाचं लक्ष नाही, शाळा सुटून हाताला काम नाही, आणि नुकसान कुणाचं झालं याची कल्पनाच नाही, असं सविस्तर लिहिलं. जागा पुरली नाही, पुरवणी जोडली. मंडळातल्या एका सदस्यांनी विचारलं, "एवढं सगळं एका मोपेडसाठी?" हो म्हटलं.

मंडळानं समुपदेशन आणि वर्षभराची देखरेख दिली. मोडलेली डिकी थोरल्यानं पगारातून बसवून दिली होती. मला ते पटलं नाही. ज्यानं मोडली त्यानंच भरावं, असं मी देखरेखीच्या पहिल्या भेटीत दोघांसमोर मांडलं. आता धाकटा रविवारी एका केटररकडं वाढप्याचं काम करतो आणि भावाचे पैसे फेडतो. निम्मे अजून राहिलेत.